वधूचे माहेरचे नाव

माझं दुसरं लग्न झालेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पत्रिका मिळाली नाही म्हणून जे अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यांनी एवढं वाचून थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी पुढे वाचावं, कारण यात माझी चूक किती आणि त्या अर्जाची किती, हे कुणा तिऱ्हाइताने ठरवायला हवं आहे.

मी दत्तात्रय खैरनार. चौतीस वर्षं एसटीत काढली, आधी कंडक्टर आणि शेवटची एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते ठरवायचं, माईकवरून पुकारायचं आणि रजिस्टरला नोंद करायची, हे माझं काम. लोक कंट्रोलर साहेब म्हणायचे, अजूनही म्हणतात. आमची कॉलनी नाशकात, सातपूरच्या अलीकडे. माझी पत्नी सरिता मागच्या दिवाळीच्या आधी गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

सरिता दर मे महिन्यात कॉलनीतली पोरं आमच्या इमारतीच्या गच्चीवर जमवायची. कागदाची फुलं, सागरगोटे, पाढे, जे सुचेल ते. यंदा एप्रिलच्या शेवटी तळमजल्यावरची फलक नावाची मुलगी, वय वर्षे नऊ, दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा, यंदा गच्ची आहे का?"

मी "आहे" म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. पण एकदा पुकारलेली गाडी रद्द करायची नाही, ही नोकरीतली सवय.

त्याच संध्याकाळी सायलीचा फोन आला. सायली माझी मुलगी, पुण्याला असते.

"बाबा, मी आणि ह्यांनी ठरवलंय. मे संपला की ते घर भाड्याने द्यायचं आणि तुम्ही आमच्याकडे यायचं. दिवसभर करता काय तुम्ही तिथे एकटे?"

"शिबिर घेतोय. मुलांचं. विनामूल्य."

"तुम्ही?" ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली, म्हणून मी राग धरला नाही. "बाबा, माझ्या वाढदिवसाला तुम्ही माझ्या मैत्रिणींना केकसाठी रांगेत उभं केलं होतं. आणि दोघींना सुट्टे पैसे विचारले होते."

"ते सवयीने झालं."

"बरं, अट ठेवते. दहा दिवस शिबिर आणि रोज किमान वीस मुलं. जमलं तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर एक जूनला टेम्पो घेऊन येते."

मी कबूल केलं. माझ्या स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे अजून सरिताने लावले त्याच क्रमाने आहेत. मला हळद कुठली आणि धनेपूड कुठली ते डबा न उघडता कळतं. टेम्पोत डबे गेले असते, तो क्रम गेला नसता.

आता अडचणी. पहिली अडचण, गच्ची. सोसायटीने तिथे सौर पॅनल बसवले आहेत, आणि त्यांच्यामध्ये जी जागा उरली आहे तिथे फक्त कबुतरांचं शिबिर होऊ शकतं. दुसरी अडचण, शेजाऱ्यांचे सल्ले.

सोसायटीचे सेक्रेटरी किशोर अहिरराव म्हणाले, "काका, विनामूल्य लिहू नका. लोकांना वाटतं यात काहीतरी गडबड आहे."

"गडबड नाहीये."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पण वाचणाऱ्याला कसं कळणार? निदान प्रवेश मर्यादित असं तरी लिहा. मर्यादित म्हटलं की लोक पळत येतात."

वरच्या मजल्यावरच्या सुलाबाईंनी सुचवलं की रोबोट शिकवा. मी विचारलं, तुम्हाला येतो का रोबोट? त्या म्हणाल्या, मला कशाला यायला हवा, मुलांना यायला हवा. चित्रकलेच्या सरांनी होकार दिला आणि मग फोन उचलणं बंद केलं. योगासनवाल्यांना स्वतःच्या फोटोचा बॅनर लावायचा होता. तो समाजमंदिराच्या दारापेक्षा मोठा होता, तो लावला असता तर मुलं खिडकीतून आत घ्यावी लागली असती.

तर समाजमंदिर. कॉलनीत एक सभागृह आहे, त्याला आम्ही समाजमंदिर म्हणतो. ते ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याचं नाव मी घेत नाही, कारण माझं तिथे अजून काम पडणार आहे. तिथल्या बाई सज्जन होत्या. त्यांनी अर्ज पुढे केला. कार्यक्रमाचा प्रकार या रकान्यात चार चौकोन होते. विवाह, वाढदिवस, दशक्रिया आणि सभा.

"शिबिर कुठे लिहू?"

"शिबिराला रकाना नाही, काका."

"मग सभेवर खूण करतो."

"सभेला पोलिसांचं पत्र लागेल."

"वाढदिवस?"

"वाढदिवस एकच दिवस मिळतो. तुम्हाला दहा दिवस हवेत ना?" बाईंनी पेन गालाला लावून विचार केला. "विवाह लिहा. त्यात साखरपुडा, मांडव, हळद, लग्न, सत्यनारायण, गोंधळ असं सगळं येतं. दहा दिवस आरामात बसतील. शेवटी कागदच आहे तो."

मी विवाहावर खूण केली. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, वराचे नाव. त्याखाली वधूचे माहेरचे नाव, आणि त्याच्या खाली वधूचे सासरचे नाव.

"इथे काय लिहू?"

"काहीही लिहा हो. गणेश आणि गौरी लिहा."

इथे माझा स्वभाव आडवा आला. एकोणीस वर्षांत न आलेली गाडी आली म्हणून मी कधी लिहिली नाही. पाऊस असो, साहेब असो, मंत्री असो. खोटी नावं लिहायला हातच चालेना. मागे लोक खोळंबले होते. शेवटी जे लग्न खरोखर झालेलं मला माहीत होतं ते लिहिलं. वर दत्तात्रय. वधू माहेरची पुतळा, सासरची सरिता.

सरिताचं माहेरचं नाव पुतळा होतं. लग्नात आमच्या आईने ते बदललं, तेव्हा तशीच पद्धत होती. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव मी लिहिलं आणि जुनं तिच्या माहेरी सटाण्याला राहिलं. कॉलनीत ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ते एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं. लिहिल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यामुळे मी खालचा मजकूर न वाचता सही करून टाकली.

त्या अर्जाची एक प्रत समाजमंदिराच्या रखवालदाराकडे जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रखवालदार वाळू हा हौशी माणूस. त्याने शनिवारीच दारावरच्या फळ्यावर रंगीत खडूने गणपती काढला आणि खाली लिहिलं, "शुभविवाह. दत्तात्रय खैरनार आणि पुतळा (नवीन नाव सरिता). सोमवार, सकाळी आठ."

मला समाजमंदिराची मागच्या दाराची चावी मिळाली होती. त्यामुळे दोन दिवस मी मागून जात होतो, खुर्च्या मोजत होतो आणि वेळापत्रक भिंतीला चिकटवत होतो. पुढचा फळा मी पाहिलाच नाही. कॉलनीने मात्र पाहिला. सुलाबाई नंतर मला म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, बघा किती जीव असेल बायकोवर! दुसरीचं नावसुद्धा सरिताच ठेवतायत." सोसायटीच्या सूचनाफलकावर मी शिबिराचा कागद लावला होता, त्याचाही लोकांनी अर्थ लावला. शिबिराचं नाव सांगून म्हातारा गुपचूप उरकून घेतोय. फळ्याचा फोटो पुण्याला गेला, सटाण्याला नुसती बातमी गेली. माझ्या फोनवर तेवढं काही आलं नाही.

माझ्याकडे चार मुलांची नावं आली होती. त्यातली एक फलक.

रविवारी संध्याकाळी सायलीचा फोन.

"बाबा, मी उद्या पहाटे निघतेय. मी येईपर्यंत काहीही करायचं नाही."

मला वाटलं, चारच नावं आल्याचं हिला कळलं. "उद्या आठला सुरू होणार म्हणजे होणार. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"सगळ्या कॉलनीला."

"तुम्हाला झेपणार आहे का हे, या वयात?"

"सकाळचे तीन तास तर आहेत."

मग ती म्हणाली, "आईला काय वाटलं असतं?"

"तिला आनंदच झाला असता. पहिल्यापासून तिचीच कल्पना आहे."

सायलीने फोन ठेवला. मी मनात म्हटलं, आजकालच्या मुलांना उपक्रमाचं कौतुक नाही.

सोमवारी आठला दहा मिनिटं असताना मी आतून पुढचं दार उघडलं. चार मुलं अपेक्षित होती. बाहेर दीडशे माणसं उभी होती. पैठण्या, गजरे, जाकिटं. किशोर अहिररावांनी फेटा बांधला होता. लोकांच्या हातात आहेर होते. त्यांत एकूण नऊ भिंतीवरची घड्याळं होती, हे मी नंतर मोजलं. मुलं मात्र भरपूर होती, कारण लग्नाला कुणी मुलांना घरी ठेवून येत नाही.

"वर कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"हे काय, हेच. कपडे नाही बदलले अजून," सुलाबाई म्हणाल्या.

मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, गळ्यात शिटी. मला काही कळेना. मी हात जोडून म्हणालो, "मुलांनी आत यावं, पालकांनी अकराला घ्यायला यावं."

"म्हणजे जेवण अकराला," कुणीतरी मागे कळवलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत जमीलभाई आले. जुन्या नाशकात त्यांचा बँड आहे. डोळ्यांत पाणी आणि काखेत ट्रम्पेट.

"कंट्रोलर साहेब, हे बरोबर नाही केलं. तुमच्या पहिल्या लग्नात माझ्या अब्बांनी वाजवलं. सटाण्यापर्यंत गेलो होतो आम्ही, मी तेव्हा खुळखुळा धरून होतो. आणि आता सुपारी दुसऱ्याला?"

"कसलं लग्न, जमीलभाई?"

त्यांनी बोट दाखवलं. मी वळून फळा वाचला. दोनदा वाचला. वाळूने गणपती खरोखर छान काढला होता.

माणसाची अब्रू जाते तेव्हा आवाज होत नाही, फक्त कान गरम होतात. नाकारायचं तरी काय? नाव खरं, सही माझी. कुणी विचारलं असतं की पुतळा कोण, तर मी सांगितलं असतं. पण विचारतंय कोण? सगळे नवरीची वाट बघत होते.

आणि नवरीच्या ऐवजी लंकाबाई आल्या. लंकाबाई म्हणजे सरिताची धाकटी बहीण, वय बासष्ट. सटाण्याहून पहिल्या गाडीने निघालेल्या, हातात कापडी पिशवी आणि चेहरा असा की पुढची माणसं आपोआप सरकली.

"दाजी! हाई काय चालू शे? वरीस भी नही व्हयनं आनि तुमले नवरी पाहिजे? कोन शे ती सटवी, दाखवा माले!"

मी फळ्याकडे बोट केलं. लंकाबाई फळ्याजवळ गेल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. एकेक अक्षर वाचलं. मग खडूच्या त्या नावावरून, न पुसता, हवेतल्या हवेत बोट फिरवलं.

"पुतळा," त्या म्हणाल्या. "दाजी, हाई तर आमनी पुतळा शे."

मग त्या गर्दीकडे वळल्या आणि त्यांनी दीडशे माणसांना असं काही झापलं की मी माईकवरूनही कधी तसा आवाज काढला नव्हता. पुतळा ही त्यांची सख्खी बहीण. हीच तुमची सरिता. तुमच्या पोरांना गच्चीवर शिकवून शिकवून जिचे गुडघे गेले तिचं माहेरचं नावसुद्धा तुमच्यापैकी एकाला ठाऊक नाही, आणि निघाले आहेर घेऊन!

सुलाबाईंनी डोक्यातला गजरा हळूच काढून हातात घेतला. मी अर्जाचं, रकान्यांचं सगळं सांगितलं. किशोर अहिररावांनी फेटा काढावा की ठेवावा याचा निर्णय होईना म्हणून ते तो हाताने धरून उभे राहिले. मागची दोनचार माणसं परत फिरायला लागली, पोरांना हात धरून ओढत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलं चालली. आज मुलं गेली की उद्या येणार नाहीत, आणि उद्या आली नाहीत की एक जूनला टेम्पो. मी आत धावलो आणि माईक हातात घेतला. पुढचं माझ्या तोंडून आपोआप आलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कुणीही स्थानक सोडू नये. सकाळी आठ वाजताचे शिबिर वीस मिनिटे उशिराने सुटत आहे. सहा ते आठ वयाची मुले फलाट क्रमांक एक, खिडकीजवळ. नऊ ते अकरा, फलाट क्रमांक दोन, पाण्याच्या टाकीजवळ. बारा ते चौदा, फलाट क्रमांक तीन, व्यासपीठावर. ज्या मोठ्या माणसांना काहीही शिकवता येते त्यांनी चौकशी खिडकीवर नाव नोंदवावे."

आणि लोक हलले! नाशकातला माणूस एसटीच्या पुकाऱ्याला उलट बोलत नाही. फलाट म्हटलं की तो फलाटावर जातो, मग गाडी कुठली ते विचारतो. तीन मिनिटांत मुलं तीन ठिकाणी उभी होती, आणि चौकशी खिडकीवर, म्हणजे माझ्या टेबलापुढे, मोठ्यांची रांग.

"मला काही येत नाही," रांगेत पहिले आलेले किशोर अहिरराव म्हणाले.

"फेटा कुणी बांधला?"

"मीच."

"फलाट तीन."

सुलाबाईंनी गजऱ्याचं काम घेतलं, त्यांच्या हातात तो होताच. त्या रोबोटचं पुन्हा बोलल्या नाहीत. जमीलभाई म्हणाले, "सुपारी नाही तर नाही, साहेब. पण वाजवल्याशिवाय परत गेलो तर अब्बांना काय तोंड दाखवू?" त्यांना फलाट दोन दिला. लंकाबाईंनी कुणाला न विचारता पिशवीतून सागरगोटे काढले, फलाट एकवर मांडी घातली आणि मुलांना हुकूम केला, "बठा!"

खरं तर मी योजलेल्या वेळापत्रकात यातलं काहीच नव्हतं. ते भिंतीवरून मी काढून टाकलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन लिहिलं.

साडेदहाला सायली आली. पुण्याहून पाच तास तिने काय काय ठरवत प्रवास केला असेल ते मी समजू शकतो. तिला बाहेरूनच बँड ऐकू आला. आत पैठण्या, फेटे बांधलेली पोरं, आहेरांचा ढीग. ती दारातच म्हणाली, "झालं वाटतं."

"सुटली वेळेवर, वीस मिनिटं सोडली तर," मी म्हणालो.

लंकाबाईंनी तिला हाताला धरून फळ्यापाशी नेलं. दोघी काय बोलल्या ते बँडमुळे मला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

"आईचं नाव पुतळा होतं?"

"हो."

"मावशी तर तिला ताईच म्हणायची. मला का नाही सांगितलं कधी?"

"कुणी विचारलंच नाही. गेल्या आठवड्यात अर्जाने विचारलं."

ती मुलांकडे वळली. मग सायलीच ती, तिने मोजायला सुरुवात केली. सत्त्याऐंशीला थांबली. "पहिल्या दिवसाचं धरायचं नाही," ती म्हणाली. "हे लग्नासाठी आलेत. दहाव्या दिवशी बघू."

"दहाव्या दिवशी बघ."

ते दहा दिवस सरळ गेले असं नाही. दुसऱ्या दिवशी जमीलभाईंच्या फलाटावरचा आवाज ऐकून दोन वराती रस्ता चुकून आमच्या दारात आल्या. चौथ्या दिवशी अहिररावांनी एका मुलाला फेट्यात इतकं घट्ट बांधलं की सोडवायला लंकाबाईंना दात लावावे लागले. सहाव्या दिवशी वाळूने फळा पुसला, तर मुलांनी त्याला तेच नाव पुन्हा लिहायला लावलं. त्यांना फक्त शुभविवाह नको होतं. मग त्याने लिहिलं, "पुतळा मावशीचं शिबिर." मावशी कुठून आलं विचारलं तर म्हणाला, लंकाबाई मावशी तर त्यांची बहीणही मावशीच.

लंकाबाई दहा दिवस माझ्याकडे राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मसाल्याचे डबे स्वतःच्या सोयीने लावले. मी बघत होतो. रात्री माझ्या हातून आमटीत हळदीऐवजी धनेपूड पडली आणि मी ती गुपचूप खाल्ली. सकाळी डबे परत जागच्या जागी होते. "पुतळानं असंच लावेल व्हतं आमना घर," एवढंच त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी सायली आली, यावेळी तिच्या मुलीला घेऊन. बक्षिसं म्हणून आहेर वाटून टाकले. घड्याळं नऊ होती आणि बक्षीसपात्र मुलं बरीच, म्हणून घड्याळं लॉटरीने दिली. फलक आणि तिच्या गटाने ट्रम्पेटवर एक धून वाजवली. ती कुठली होती हे जमीलभाईंनाही ओळखता आलं नाही, पण ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. सायलीने मुलं मोजली. एकशे चार. तिने पुन्हा मोजली, कारण ती माझी मुलगी आहे.

"टेम्पो रद्द," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "पुढच्या मेमध्ये हिला पंधरा दिवस ठेवाल का? फलाट एक."

"आगाऊ आरक्षण लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी चावी परत करायला त्या कार्यालयात गेलो. त्याच बाई होत्या. त्यांनी आणखी एक कागद पुढे केला. सभागृह स्वच्छ आहे का, खुर्च्या पूर्ण आहेत का, नळ बंद केले का. मी सगळीकडे होय लिहिलं. शेवटचा रकाना होता, विवाह कसा पार पडला.

"तिथे काहीही लिहा, काका," बाई म्हणाल्या.

पण रजिस्टरला मी काहीही लिहीत नाही. मी लिहिलं, "उत्तम. एक्केचाळीस वर्षे." आणि यावेळी खालचा मजकूर वाचून सही केली.